काचेतलं जंगल: एका बाटलीपासून बेडकांच्या घरापर्यंत

या कार्यक्रमात इतिहास म्हटला की गडकोट, मोडी कागदपत्रं, फार तर रेल्वे, असं ऐकायची तुम्हाला सवय आहे. आज मात्र इतिहास आहे एका काचेच्या पेटीचा.

आमच्या बेसमेंटमध्ये चार फूट रुंद, दोन फूट खोल आणि तीन फूट उंच अशी एक पेटी आहे. आत नेचे आहेत, शेवाळ आहे, फांद्यांवर वाढणारी अननसाच्या कुळातली झाडं आहेत, आणि या सगळ्यात उड्या मारणारे अंगठ्याएवढे निळे बेडूक. इंग्रजीत या बेडकांना डार्ट फ्रॉग म्हणतात आणि पेटीला व्हायव्हेरियम. दिवाळीच्या फराळाला आलेली मंडळी चकली हातात घेऊन पेटीसमोर उभी राहतात आणि दोनच प्रश्न विचारतात. मोठी माणसं विचारतात, "अहो, हे विषारी असतात ना?" आणि मुलं विचारतात, "काका, हे बनवलं कसं?" दोन्ही प्रश्नांची उत्तरं लांबलचक आहेत. गंमत म्हणजे त्यातला बराच भाग आपल्या वॉशिंग्टन-बाल्टिमोरच्या टापूतच घडला आहे. पण सुरुवात लंडनला करावी लागेल.

सन १८२९. पूर्व लंडनमध्ये वेलक्लोज स्क्वेअर नावाच्या भागात नॅथनिएल बॅगशॉ वॉर्ड नावाचा डॉक्टर राहायचा. व्यवसायाने डॉक्टर, पण जीव सगळा झाडांत. त्याला घरामागं नेच्यांची बाग करायची होती आणि ती काही केल्या जगत नव्हती. कारण उघड होतं. आजूबाजूला कारखाने आणि दगडी कोळशाचा धूर. नेचे बिचारे काळवंडून मरायचे.

त्याच उन्हाळ्यात वॉर्डने एका पतंगाचा कोश रुंद तोंडाच्या बाटलीत ओलसर मातीत पुरून ठेवला आणि वर झाकण लावलं. कोशातून पतंग कसा बाहेर येतो ते त्याला पाहायचं होतं. दिवसा मातीतलं पाणी वाफ होऊन काचेवर जमायचं आणि पुन्हा मातीत उतरायचं. पतंग बाहेर यायच्या आधीच मातीतून एक नेचा आणि एक गवताचं पातं वर आलं. जो नेचा बागेत जगत नव्हता, तो बाटलीत आपणहून उगवला होता. वॉर्डने बाटली उत्तरेकडच्या खिडकीबाहेर टांगली आणि पाणी न घालता ती जवळपास चार वर्षं हिरवी राहिली. एकदा तो बाहेरगावी असताना झाकण गंजलं, पावसाचं पाणी आत शिरलं आणि झाडं कुजली.

बाटलीत झाड उगवलेलं वॉर्डच्या आधी अनेकांनी पाहिलं असेल. हे का होतं असं विचारून त्याचा व्यवहारात उपयोग काय, इथपर्यंत जाणारा मात्र वॉर्ड. आमच्या सल्लागारीच्या धंद्यात "आधी प्रश्न नीट मांडा" हे वाक्य रोज ऐकू येतं. वॉर्डने प्रश्न फार सुरेख मांडला: झाडाला मोकळी हवा हवी आहे, की स्वच्छ आणि दमट हवा हवी आहे?

या प्रश्नाला तेव्हा मोठी किंमत होती. इंग्लंडमधल्या रोपवाटिका चीन, भारत, दक्षिण अमेरिका इथून झाडं मागवायच्या. महिनोन्‌महिने गलबतावर खारा वारा, ऊन आणि गोड्या पाण्याची टंचाई. खलाशी स्वतः प्यायचं पाणी झाडाला कशाला घालतील? चीनमध्ये राहणाऱ्या जॉन लिव्हिंग्स्टन नावाच्या एका शल्यचिकित्सकाने १८१९ साली अंदाज केला होता की तिथून निघालेल्या हजार झाडांतलं एखादंच इंग्लंडला जिवंत पोचतं.

जून १८३३ मध्ये वॉर्डने लाकूड आणि काचेच्या दोन बंद पेट्या नेचे, शेवाळ आणि गवत लावून सिडनीच्या जहाजावर चढवल्या. कॅप्टनचं नाव चार्ल्स मॅलार्ड. पेट्या डेकवर, उजेडात ठेवायच्या आणि उघडायच्या नाहीत, एवढीच सूचना. काही महिन्यांनी ऑस्ट्रेलियाहून मॅलार्डचं पत्र आलं: झाडं सुखरूप आहेत. खरी परीक्षा परतीची होती. फेब्रुवारी १८३४ मध्ये त्याच पेट्यांत तिकडची झाडं लावली. जहाज केप हॉर्नला वळसा घालताना डेकवर बर्फ पडत होतं, विषुववृत्तावर अंगाची लाही होत होती. आठेक महिन्यांनी लंडनला पेट्या उघडल्या, तर झाडं टवटवीत, आणि वाटेत मातीत पडलेल्या बियांतून नवी रोपंही आलेली. हॅकनीचा प्रसिद्ध रोपवाटिकावाला जॉर्ज लॉडिजेस सांगायचा की पूर्वी वीसांतली एकोणीस झाडं मरत, या पेट्या आल्यापासून वीसांतली एकोणीस जगतात. १८४२ मध्ये वॉर्डने यावर पुस्तक लिहिलं. १८४५ मध्ये इंग्लंडमध्ये काचेवरचा कर उठला, काच स्वस्त झाली आणि मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत नेच्यांच्या पेट्या दिसू लागल्या. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात वॉर्डने एक बंद बाटली मांडली होती. अठरा वर्षांत तिला पाणी घातलं नव्हतं, असं तो सांगे.

इथवर गोष्ट गोड आहे. पुढे तिला साम्राज्याचा वास येतो, आणि त्यात आपणही आहोत.

रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश माळ्याने ईस्ट इंडिया कंपनीसाठी १८४८ ते १८५१ मध्ये चीनमधून चहा उचलला तो याच पेट्यांतून. चहाचं बी वाळलं की उगवत नाही. म्हणून त्याने पेटीत तुतीची रोपं लावली आणि त्यांच्यामधल्या मातीत चहाचं बी पेरलं. प्रवासातच ते उगवून आलं आणि हिमालयाच्या पायथ्याशी पोचलं. पुढे १८७६ मध्ये ब्राझीलचं रबर: क्यू उद्यानात उगवलेली १९१९ रोपं ३८ पेट्यांतून सिलोनला रवाना झाली.

आणि सिंकोना, म्हणजे कोयनेलचं झाड. तुमच्या आजी-आजोबांनी हिवतापाला कोयनेलच्या कडू गोळ्या घेतल्या असतील. ते झाड मूळचं अँडीज पर्वतातलं. क्लेमंट्स मार्कमने १८६० मध्ये पेरूमधून रोपं गोळा करून पेट्यांत भरली. ती पनामा, इंग्लंड, सुएझ करत मुंबईमार्गे निलगिरीला निघाली. तांबड्या समुद्राच्या उन्हात पेट्या भट्टीसारख्या तापल्या. निलगिरीला पोचली तेव्हा रोपं मरणपंथाला लागली होती आणि त्यातलं एकही जगलं नाही. नंतर रिचर्ड स्प्रूसने इक्वेडोरच्या पश्चिम उतारावरून, चिंबोराझो पर्वताच्या बाजूने जमवलेली लाल सालीची सिंकोना आली. त्या बियांवर आणि रोपांवर उटीच्या बागा उभ्या राहिल्या.

मार्कमच्या पेट्यांचा धडा आजही तोच आहे. बंद काच थंडीला जेवढी चांगली तोंड देते, तेवढी उन्हाला देत नाही. आमच्या पेटीसाठी जागा ठरवताना मी खिडकी सोडून बेसमेंटचा आतला कोपरा निवडला तो याच कारणाने. खिडकीतलं दोन तासांचं ऊन बेडकांना पुरेसं आहे, मरायला. इक्वेडोरचा तो पश्चिम उतारही लक्षात ठेवा. आपण तिथे परत जाणार आहोत.

पेटीत झाडाबरोबर माती आली, आणि मातीबरोबर काय काय आलं याचा हिशेब त्या काळी कोणी ठेवला नाही. १८७८ मध्ये खुद्द क्यूच्या काचघरात एक चपटा किडा सापडला, डोकं कुदळीच्या पात्यासारखं पसरट. तो मूळचा आग्नेय आशियातला, पण शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं ते क्यूचं: बायपॅलियम क्यूएन्स. आज तो अमेरिकेतही पसरला आहे. पावसानंतर अंगणात हातोड्याच्या डोक्याची लांब गोगलगाय दिसली म्हणून कोणी व्हॉट्सॲपवर फोटो टाकला, तर तो बहुधा हा किंवा याचा भाऊबंद असतो.

अमेरिकेने १९१२ मध्ये वनस्पतींच्या विलगीकरणाचा कायदा केला आणि १९१९ पासून मातीसकट झाडं आणण्यावर कडक बंधनं आली. वॉर्डच्या पेटीचा सुवर्णकाळ तिथे संपू लागला. मग विमानं आली, प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. क्यूला अशी शेवटची पेटी १९६२ मध्ये फिजीहून आली. विमानतळावर तुमच्या बॅगेतला कढीपत्ता काढून घेतात तेव्हा त्या अधिकाऱ्यावर रागावू नका. लिंबू-संत्र्याच्या बागा बसवणारा रोग ज्या बारक्या किड्यामुळे पसरतो, तो कढीपत्त्यावर आनंदाने राहतो. आईने दिलेली तुळशीची कुंडी का आणता येत नाही, याचं उत्तरही तिच्या मातीत आहे.

झाडांच्या पेटीत प्राणी कधी आले? आधी मासे आले. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने १८५० च्या सुमारास काचेच्या पात्रात दोन सोनमासे आणि पाणवनस्पती एकत्र ठेवल्या. वनस्पती कुजायला लागल्या, पाणी गढूळ झालं, तेव्हा त्याने गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकं खाऊन टाकलं आणि पाणी निवळलं. झाड, प्राणी आणि सफाई कामगार, हे त्रिकूट जमलं तेव्हाच पेटी टिकली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं काचघर उघडलं. जमिनीवरच्या प्राण्यांसाठी जर्मनीत योहान फॉन फिशर याने १८८४ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याच्या नावातच लागवड आधी येते आणि रहिवासी नंतर. बरोबर क्रम आहे तो. आधी जंगल, मग बेडूक.

आता बेडकांकडे येऊ. डार्ट म्हणजे फुंकनळीतून मारायचा बाण. कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्याकडच्या चोको भागात एंबेरा लोक शिकारीच्या बाणांना बेडकाचं विष लावत. १८२०च्या दशकात तिथे फिरलेल्या कॅप्टन चार्ल्स स्टुअर्ट कॉक्रन या इंग्रज नौदल अधिकाऱ्याने ते लिहून ठेवलं आहे. पण या कुळातल्या दीड-दोनशे जातींपैकी बाणांसाठी वापरल्याची खात्रीची नोंद मोजून तीन जातींची आहे. बाकीच्यांना फुकटचं नाव चिकटलं.

त्या तिघांतला सर्वांत जहाल, सोनेरी पिवळा बेडूक, शास्त्राला माहीत झाला तो १९७८ मध्ये. चार्ल्स मायर्स, जॉन डेली आणि बोरिस मालकिन यांनी त्याचं वर्णन केलं आणि नाव ठेवलं फायलोबेटिस टेरिबिलिस. नावातच भीती आहे. एका बेडकाच्या कातडीत साधारण एक मिलिग्रॅम बॅट्रॅकोटॉक्सिन. ऐकायला किरकोळ वाटतं, पण अनेक माणसं मारायला पुरे. एंबेरा शिकारी त्याला भाजत वगैरे नसत. बाणाचं टोक जिवंत बेडकाच्या पाठीवर घासायचं की काम झालं.

यातले जॉन डेली हे आपल्या शेजारचे. बेथेस्डाच्या एनआयएचमध्ये त्यांनी जवळपास पन्नास वर्षं काम केलं. आपल्यातली कितीतरी मंडळी त्याच आवारात नोकरीला जातात. सुरुवातीच्या काळात जंगलात नवा बेडूक मिळाला की डेली त्याला बोट लावून ते जिभेला टेकवत आणि जळजळ होते का बघत. मुलांनो, हे घरी करायचं नाही. डेलींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिळून बेडकांच्या कातडीत ८०० हून अधिक अल्कलॉइड शोधली.

आणि त्यांनीच एक चमत्कारिक गोष्ट दाखवून दिली. जंगलातून आणलेल्या टेरिबिलिसचं विष बंदिवासात वर्षानुवर्षं टिकत होतं, थोडं कमी होत होतं इतकंच. पण त्याची काचेच्या पेटीत जन्मलेली पिल्लं? त्यांच्यात विष शून्य. १९८० मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा कारण कळत नव्हतं. पुढे हिरव्या-काळ्या ऑरेटस जातीवर प्रयोग झाले. घरात चिलटांवर वाढवलेल्या पिल्लांत काही नाही, आणि पनामात जंगलातल्या पालापाचोळ्यातले किडे खाऊन वाढलेल्या पिल्लांत मात्र अल्कलॉइड हजर. म्हणजे बेडूक ही विषं स्वतः बनवत नाही. मुंग्या, कोळ्यांच्या कुळातले बारीक माइट, भुंगेरे यांच्याकडून ती घेतो आणि कातडीत साठवतो. तेव्हा फराळाला येणाऱ्या मोठ्यांना उत्तर असं: नाही, आमचे बेडूक विषारी नाहीत. त्यांचं विष त्यांच्या जंगलातच राहिलं.

याची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. इक्वेडोरच्या नैर्ऋत्य भागात डेली आणि मायर्स यांना १९७४ मध्ये एक छोटा, पट्टेवाला बेडूक मिळाला. त्याच्या कातडीतला एक पदार्थ उंदरांवर मॉर्फिनच्या सुमारे २०० पट वेदनाशामक ठरला. १९७६ मध्ये त्यांनी ७५० बेडकांच्या कातड्यांचा अर्क जमवला, आणि त्यातून शुद्ध पदार्थ निघाला एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी. रेणूची रचना उलगडायला तेवढा तेव्हाच्या यंत्रांना पुरेना. दरम्यान १९८७ मध्ये या बेडकांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचं नियंत्रण आलं, म्हणजे पुन्हा शेकडो बेडूक गोळा करणं नाही. मग प्रयोगशाळेत वाढवलेले वापरावेत, तर त्यांच्यात तो पदार्थच नाही. डेलींनी उरलेला थेंबभर नमुना वर्षानुवर्षं फ्रीजरमध्ये जपून ठेवला आणि यंत्रं सुधारल्यावर १९९२ मध्ये रचना जाहीर केली. नाव एपिबॅटिडिन. औषध आणि मारक मात्रा यांत अंतर फार थोडं असल्याने ते थेट औषध झालं नाही, पण वेदनेवर मॉर्फिनखेरीज दुसरी वाट आहे हे त्याने दाखवलं.

काचेच्या पेटीत बेडकाची जात टिकते, रंग टिकतो, आवाज टिकतो. जे त्याने जंगलाकडून उसनं घेतलं होतं ते टिकत नाही. घरात मराठी जपायला धडपडणाऱ्या तुम्हा-आम्हाला हे वेगळं सांगायला नको.

पुढचा प्रसंग वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातला. १९९०च्या दशकाच्या मध्यावर तिथले डार्ट फ्रॉग एकामागोमाग मरायला लागले. त्यांत सुरिनामच्या सिपालिविनी भागातला, आमच्याकडे आहे तोच, निळा ॲझ्युरियस होता. पॅथॉलॉजिस्ट डॉन निकोल्स आणि ॲलन पेसियर यांना कातडीत एक अनोळखी जीव दिसला. त्याच सुमारास ऑस्ट्रेलिया आणि मध्य अमेरिकेच्या जंगलांतही बेडूक मरत होते आणि कारण सापडत नव्हतं. मेन विद्यापीठात जॉइस लाँगकोर नावाच्या बाई कायट्रिड गटातल्या बुरशींच्या जाणकार होत्या. निळ्या बेडकाच्या कातडीतून त्यांनी ती बुरशी वेगळी करून वाढवली आणि १९९९ मध्ये तिघांनी तिचं नामकरण केलं: बॅट्रॅकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस. आडनाव आलं ते या बेडकांच्या डेंड्रोबेटिस या नावावरून.

ही बुरशी बेडकाच्या कातडीत वाढते. बेडूक कातडीतून पाणी पितो, काही अंशी श्वासही घेतो. तिथेच बिघाड झाला की क्षारांचा तोल जातो आणि हृदय बंद पडतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार या रोगामुळे उभयचरांच्या किमान ५०१ जाती घटल्या आणि त्यांतल्या ९० नामशेष झाल्याचं मानलं जातं. बुरशीचं मूळ पूर्व आशियात असल्याचं २०१८ च्या जनुकीय अभ्यासातून दिसलं. ती जगभर गेली ती माणसाने बेडूक इकडून तिकडे नेले म्हणून: खाण्यासाठी, प्रयोगांसाठी, आणि हो, शौकासाठीसुद्धा. वॉर्डच्या पेटीतल्या मातीचीच ही गोष्ट, फक्त प्रवासी वेगळा.

मग प्रश्न येतोच की असा शौक करावा का. माझं मत सांगतो. जंगलातून पकडलेला बेडूक अजिबात नको. चार पिढ्या काचेत वाढलेला, विक्रेत्याकडे जन्मनोंद असलेला आणि तपासणी झालेला बेडूक असेल तर हरकत नाही. कोलंबियात तेसोरोस दे कोलोंबिया आणि इक्वेडोरमध्ये विकिरी या संस्था त्या त्या देशातच कायदेशीर पैदास करून बेडूक निर्यात करतात, म्हणजे चोरट्या व्यापाराला बाजारात प्रतिस्पर्धी उभा राहतो. हा विचार मला एमबीएच्या वर्गात शिकलेल्या बऱ्याच गोष्टींपेक्षा पटतो. बाल्टिमोरच्या मेरीलँड प्राणिसंग्रहालयात पनामाचा सोनेरी बेडूक जपला आहे. जंगलात तो गेली अनेक वर्षं कोणाला दिसलेला नाही. अशा वेळी काचेची पेटी म्हणजे खेळणं उरत नाही.

आता मुलांचा प्रश्न: बनवलं कसं? मोठी पेटी घ्यायची तर आधी वजन मोजा. तळाशी दोन इंच पाणी धरलं तर आमच्या मापाच्या पेटीत तेच अडतीस किलो होतं. काच, लाकूड, माती धरून दोनशे किलोंच्या आसपास. टीव्हीच्या स्टँडवर हे चालणार नाही. काँक्रीटची फरशी, भक्कम लाकडी चौकट आणि ती पातळीत आहे ना हे पाहायला गवंड्याची लेव्हल-पट्टी. एकदा भरलेली पेटी हलवता येत नाही, म्हणून पाण्याचा निचरा, विजेचा सॉकेट आणि पाठीमागे हात जाईल एवढी जागा हे सगळं कागदावर आधी. मी एक्सेल शीट केली होती. बायकोने तिला दुसरं लग्न म्हटलं.

तळाशी भाजक्या मातीच्या हलक्या गोळ्यांचा थर. वर जाळी, म्हणजे माती खाली उतरून चिखल होत नाही. जाळीवर माती, पण बागेतली नव्हे. अटलांटाच्या वनस्पती उद्यानाने आपल्या बेडकांसाठी एक मिश्रण तयार केलं, ते आज जगभर वापरतात: वृक्षनेच्याचे तंतू, पीट, स्फॅग्नम शेवाळ, ऑर्किडची साल आणि लोणारी कोळसा. पाण्याचा निचरा होतो, तरी ओल राहते, आणि वर्षानुवर्षं घट्ट बसत नाही. पाठीमागच्या भिंतीला फोम फवारून, वाळल्यावर चाकूने कोरून, त्यावर सिलिकोन आणि नारळाचा काथ्या चिकटवला. काथ्या थापताना कोकणातली आठवण येणार नाही असा माणूस विरळा. सिलिकोनचा वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उघडी ठेवायची.

झाडं लावण्याआधी विलगीकरण. प्रत्येक रोपाची जुनी माती पूर्ण धुवायची, पातळ ब्लीचच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून स्वच्छ पाण्याने धुवायचं आणि काही आठवडे वेगळ्या डब्यात ठेवायचं. गोगलगायींची अंडी आणि ते चपटे किडे इथेच थांबवायचे असतात. क्यूच्या माळ्यांना ही चैन परवडली नसती.

मग सफाई कामगार सोडायचे, वॉरिंग्टनच्या गोगलगायींचे वारसदार: स्प्रिंगटेल नावाचे पांढरे ठिपक्याएवढे जीव आणि आयसोपॉड. वर ओक किंवा मॅग्नोलियाची उकळून घेतलेली सुकी पानं. हे पाच-सहा आठवडे पेटीत मुरू द्यायचं. काचेत बुरशी येते, मग स्प्रिंगटेल ती खाऊन टाकतात. लोणच्यासारखंच आहे, घाई केली की बिघडलं.

पाणी रिव्हर्स ऑस्मोसिसचं. वॉशिंग्टन भागात नळाच्या पाण्यात क्लोरामाइन असतं, तुमच्या चहाला चालतं, कातडीने पाणी पिणाऱ्याला चालत नाही. फवारे दिवसातून तीन-चार वेळा, थोडा थोडा वेळ. वॉर्डची पेटी पूर्ण बंद होती, बेडकांची तशी नको. पुढे खाली एक आणि वर छताला एक अशा बारीक जाळीच्या फटी ठेवल्या की हवा फिरते आणि समोरची काच धुक्याने भरत नाही. तापमान बावीस ते पंचवीस अंश सेल्सिअस. तीसच्या वर गेलं की धोका. एसी बंद पडला तर काय, याचं उत्तर बेडूक आणायच्या आधी तयार हवं.

खायला बिनपंखी चिलटं. आपल्या स्वयंपाकघरात केळ्यांवर घोंगावतात त्यांचीच पंख नसलेली जात, बाटल्यांत वाढवायची आणि कॅल्शियमची पूड लावून द्यायची. रस्साभाजी फोडणीला घालता घालता डब्यातून दोनशे चिलटं सुटली, असा प्रसंग प्रत्येक बेडूकवाल्याच्या घरी होतोच. ॲझ्युरियसची जोडी जमली की मादी नारळाच्या करवंटीखाली ठेवलेल्या बशीत अंडी घालते, नर त्यांना ओलं ठेवतो आणि टॅडपोल बाहेर आले की एकेक करून पाठीवर बसवून पाण्यापर्यंत नेतो. आमच्या मुलीने एकदा शाळेची बस चुकवली ती हे बघत बसल्यामुळे. हे बेडूक दहा-पंधरा वर्षं जगतात. आज ती सातवीत आहे. ती कॉलेजला गेल्यावर चिलटं कोण पाळणार, हे आमच्या घरी लेखी ठरलं आहे.

तुम्हाला हे सगळं करायचं नसेल आणि फक्त बघायचं असेल, तर बाल्टिमोरच्या राष्ट्रीय मत्स्यालयात वरच्या मजल्यावर उष्णकटिबंधीय वर्षावन आहे. करायचं असेल तर सुरुवात वॉर्डसारखी करा, एका बाटलीत नेचा लावून. आणि पेटी साफ केल्यावर निघालेलं पाणी, जुनी माती आणि छाटलेली पानं मागच्या ओढ्यात किंवा कंपोस्टमध्ये टाकू नका. पाण्यात ब्लीच घालून तासभर ठेवा आणि मग सिंकमध्ये ओता. माती आणि पानं दोन पिशव्यांत बांधून घरच्या कचऱ्यात. मेरीलँडच्या ओढ्यांत वसंतात ओरडणारे ते इवलेसे स्प्रिंग पीपर आहेत ना, त्यांच्याही कातडीचा प्रश्न आहे.